पाईपमधून माल नेणारी हवा: न्यूमॅटिक कन्व्हेइंग शिकायला सुरुवात कुठून करावी

आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटवर सिमेंटचा बल्कर (सुटं सिमेंट आणणारा टँकर) रिकामा होताना कधी जवळ उभं राहून बघितलंय? ड्रायव्हर टाकीच्या तोंडाला रबरी होज जोडतो, दुसरं टोक सायलोवर, म्हणजे साठवणीच्या उंच कोठीवर, चढणाऱ्या चार इंची पाईपला लावतो आणि कॉम्प्रेसर चालू करतो. काही मिनिटं बाहेर काहीच घडत नाही, नुसता टाकीवरच्या गेजचा काटा हळूहळू दीड किलोकडे सरकत असतो. मग तो व्हॉल्व्ह उघडतो, होज एकदम ताठ होते आणि पंधरा-वीस मीटर उंच सायलोत सिमेंट चढायला लागतं. पंचवीस-तीस टन माल, एकही फावडं न लावता, तासा-दीड तासात वर. टाकी रिकामी होत आली की काटा घसरतो, होज थरथरायला लागते, आवाज बदलतो. मुरलेला ड्रायव्हर गेजकडे पाठ करून उभा असला तरी त्या आवाजावरून सांगतो, "झालंच आता, पाच मिनिटं."

न्यूमॅटिक कन्व्हेइंग म्हणजे हेच. सुटा माल, मग ती पावडर असो, दाणा असो की राख, बंद पाईपमधून हवेच्या जोरावर एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं. चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या औष्णिक वीज केंद्रांत कोळशाची बारीक राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश अशीच सायलोपर्यंत जाते. बिस्किटाच्या कारखान्यात मैदा आणि साखर अशीच येते. चाकण-भोसरीच्या मोल्डिंग शॉपमध्ये मशीनच्या डोक्यावर बसलेला ऑटोलोडर गोणीतला प्लास्टिकचा दाणा याच तत्त्वावर वर ओढतो.

शॉपफ्लोअरवर प्रेशर 'किलो'त बोललं जातं. एक किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो, ढोबळमानाने एक बार. या लेखात जिथे नुसतं 'प्रेशर' म्हटलंय तिथे गेजवर दिसणारं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचं प्रेशर समजा.

मी या लाइनी उभ्या करण्यात आणि चालू करून देण्यात बरीच वर्षं घालवली. डिप्लोमा करून आलेली मुलं, नव्याने ऑपरेटर झालेले लोक, स्वतःचा छोटा कारखाना टाकणारे उद्योजक, सगळ्यांच्यात एक सवय हमखास दिसते: लाइन चोक झाली, म्हणजे माल अडकून तुंबली, की हवा वाढवायची. ही सवय लागायच्या आधीच मोडावी म्हणून हे लिहितोय.

पायरी १: आधी माल हातात घ्या

कॅटलॉग नंतर बघा, आधी मालाचा एक डबा मागवा. एक लिटरचं माप हलक्या हाताने, न ठोकता भरा आणि वजन करा. ती झाली बल्क डेन्सिटी. सिमेंट सैल भरलं तर लिटरला किलोच्या थोडं वर भरतं, साखर आठशे ग्रॅमच्या आसपास, पॉलिथिनचा दाणा साडेपाचशे-सहाशे ग्रॅम. तेच माप टेबलावर दहा-वीस वेळा आपटून पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी वजन फार वाढलं तर हा माल हॉपरमध्ये, म्हणजे पाईपच्या आधीच्या नरसाळ्यासारख्या टाकीत, दबून बसणार, त्याची कमान धरणार, हे तिथेच कळतं.

मग मूठ दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर माल चिकट किंवा ओलसर आहे. बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर पाईप आणि बेंड झिजणार. दाणा चिरडला तर जोरात नेल्यावर त्याचा चुरा होणार.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात आवडते, आणि तिला खर्च शून्य. पाण्याची स्वच्छ, कोरडी बाटली अर्धी मालाने भरा, बूच लावा, जोरात हलवा आणि टेबलावर ठेवा. फ्लाय अ‍ॅश असेल तर बाटली आडवी केल्यावर ती पाण्यासारखी डुचमळते, कारण हवा तिच्यात बराच वेळ अडकून राहते. सिमेंटही थोडा वेळ असंच वागतं. वाळू मात्र हलवणं थांबताच धपकन तळाला बसते. प्लास्टिकच्या दाण्याचं तिसरंच: तो बसतो लगेच, पण दाण्यांमधल्या फटींतून हवा आरपार जाऊ शकते.

ही तीन वागणुकी लक्षात ठेवा, कारण पुढे माल कुठल्या पद्धतीने जाऊ शकेल ते यावरूनच ठरतं. जेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये पावडरींचे ए, बी, सी, डी असे चार गट पाडले, ते मूळचे हवेने उकळी आणल्यासारख्या होणाऱ्या थरांसाठी, म्हणजे फ्लुइडायझेशनसाठी. पण आपल्या कामातही ते रोज उपयोगी पडतात. फ्लाय अ‍ॅश ए मध्ये, वाळू बी मध्ये, अगदी बारीक चिकट पावडरी सी मध्ये, आणि गहू किंवा प्लास्टिकच्या दाण्यासारखा मोठा माल डी मध्ये.

पायरी २: उफणणी आठवा

खळ्यावर उफणताना वाऱ्याची झुळूक आली की भुसा लांब जातो आणि दाणा पायाशी पडतो. वारा एकच, पण भुश्याला पुरतो आणि दाण्याला पुरत नाही. प्रत्येक मालाला उचलून धरायला हवेचा ठरावीक वेग लागतो, ही गोष्ट आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी वेगळी शिकवायला नको.

आता हाच वारा आडव्या पाईपमधून सोडा. वेग भरपूर असेल तर सगळे कण हवेत तरंगत, एकमेकांपासून सुटे राहून पळतात. हा झाला डायल्यूट फेज. यात हवेचा वेग साधारण १५ ते ३० मीटर प्रतिसेकंद, आणि प्रेशर एक बारच्या आत, त्यामुळे रूट्स ब्लोअर (दोन फिरत्या रोटरनी हवा ढकलणारं यंत्र) पुरतो. एक किलो हवेमागे दहा-पंधरा किलोपर्यंत माल जातो, पुष्कळदा त्याहून कमी. या आकड्याला सॉलिड्स लोडिंग रेशो म्हणतात.

वेग हळूहळू कमी करत गेलात तर एका टप्प्यावर कण पाईपच्या तळाला बसायला लागतात. तो वेग म्हणजे सॉल्टेशन व्हेलॉसिटी. उभ्या पाईपमध्ये अशाच कारणाने माल खाली घसरायला लागतो, त्याला चोकिंग म्हणतात. मोल्डिंग शॉपच्या ऑटोलोडरला पारदर्शक होज असते. तिच्यासमोर जरा बसा. फिल्टर स्वच्छ असताना दाणा सरळ, धुरासारखा विरळ जाताना दिसेल. फिल्टर भरत आला की तोच दाणा होजच्या तळाशी पट्ट्यापट्ट्यांनी, थांबत-सरकत जाईल, आणि वळणापाशी छोटा ढिगारा साचून सुटेल. पुस्तकातली सॉल्टेशनची व्याख्या वाचण्याआधी हे डोळ्यांनी बघितलेलं असावं असं माझं आग्रहाचं मत आहे.

दुसरी पद्धत डेन्स फेज. इथे माल तरंगवायचा नसतो, पाईप भरून तो ढिगाढिगांनी किंवा प्रवाहासारखा सरकवायचा असतो. सुरुवातीचा वेग बऱ्याचदा ३ ते ५ मीटर प्रतिसेकंद एवढाच. प्रेशर मात्र २ ते ६ बारपर्यंत लागतं, म्हणून ब्लोअर पुरत नाही आणि कॉम्प्रेसर येतो. हवा कमी लागते, झीज कमी, दाण्याची मोडतोडही कमी.

मग सगळीकडे डेन्स फेजच का लावत नाहीत? कारण प्रत्येक माल त्याला तयार नसतो. बाटलीची चाचणी इथे कामाला येते. हवा धरून ठेवणारा माल, म्हणजे फ्लाय अ‍ॅश किंवा सिमेंट, पातळ होऊन वाहत जातो. हवा आरपार जाऊ देणारा एकसारख्या आकाराचा दाणा डाट, म्हणजे पाईपभर दाटलेला गठ्ठा, बनवून सरकतो. पण जो हवा धरतही नाही आणि आरपार जाऊही देत नाही, बारीक-जाड मिसळलेला, त्याचा साध्या पाईपमध्ये डाट बसतो आणि जागेवर घट्ट होतो. असा माल आला तर मुकाट्याने डायल्यूट फेज घ्या, किंवा पाईपला सोबतीने ठिकठिकाणी हवा देणारी खास व्यवस्था असलेली लाइन घ्या. इथे पैसे वाचवायला गेलेल्या लाइनी पुढे वर्षानुवर्षं हातोड्याच्या घावांवर चाललेल्या मी बघितल्या आहेत.

पायरी ३: ढकलायचं की ओढायचं

हे पटकन ठरतं. चार जागांहून माल गोळा करून एका जागी न्यायचा असेल तर व्हॅक्यूम, म्हणजे ओढणं. एका जागेहून चार सायलोंत वाटायचा असेल तर प्रेशर, म्हणजे ढकलणं. व्हॅक्यूममध्ये गळती झाली तरी हवा आत शिरते, धूळ बाहेर येत नाही, त्यामुळे गोणी फोडण्याच्या जागी आणि अन्नपदार्थांच्या कामात ती बरी. पण तिची ताकद मर्यादित. वातावरणाचं प्रेशरच मुळात एक बार, त्यातलं प्रत्यक्षात साधारण अर्धंच वापरता येतं. अंतर लांब किंवा टन जास्त असतील तर ढकलण्याला पर्याय नाही.

पायरी ४: कागदावर एक हिशोब

हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने करा. सॉफ्टवेअर नंतर आहेच.

समजा पाईपचा आतला व्यास १०० मिलिमीटर, तासाला ५ टन माल न्यायचा आहे, आणि अनुभवाने किंवा चाचणीने कळलंय की हॉपरमधून माल पाईपमध्ये पडतो तिथे हवेचा वेग १८ मीटर प्रतिसेकंद हवा. त्या जागी प्रेशर ०.४ बार येईल असं धरू.

पाईपचं आडवं क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर. त्याला १८ ने गुणलं की सेकंदाला ०.१४१ घनमीटर हवा. पण ही दाबलेली हवा आहे. बाहेरची हवा एक बार, वर ०.४, म्हणजे एकूण १.४. म्हणून ब्लोअरने बाहेरून ओढायची हवा ०.१४१ गुणिले १.४, म्हणजे सेकंदाला ०.१९८ घनमीटर. तासाला ७१२ घनमीटर. बाजारात ब्लोअर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा यात, मागतात, तर हे साधारण ४२० सीएफएम होतात. एक घनमीटर हवेचं वजन १.२ किलो धरलं तर तासाला ८५५ किलो हवा. ५००० किलो मालाला ८५५ ने भागा: रेशो सहाच्या जरा खाली. डायल्यूट फेजला अगदी ठीक.

आता खरी गंमत. पाईपच्या शेवटी, सायलोपाशी, प्रेशर जवळजवळ शून्यावर येतं. तीच हवा फुगते, पाईप मात्र तेवढाच. म्हणून शेवटचा वेग १८ गुणिले १.४, म्हणजे २५ मीटर प्रतिसेकंद. सुरुवातीला माल रांगत असतो, शेवटी तो सुसाट असतो, आणि दोन्ही एकाच लाइनीत.

न्यूमॅटिक कन्व्हेइंगमधलं एकच वाक्य पाठ करायचं असेल तर ते हे: वेग नेहमी माल पडतो त्या जागी मोजा. बहुतेक चोक तिथे किंवा तिथून जवळच्या बेंडमध्ये होतात, कारण वेग सगळ्यात कमी तिथेच असतो. झीज आणि मालाचा चुरा शेवटच्या बेंडमध्ये होतो, कारण वेग सगळ्यात जास्त तिथे.

डेन्स फेजमध्ये हा फरक आणखी मोठा. सुरुवातीला ३ बार प्रेशर आणि ४ मीटरचा वेग असेल तर शेवटी वेग १६ वर जातो. म्हणून लांब लाइनीत मध्येच पाईप मोठा करतात. १०० चा १२५ केला की क्षेत्रफळ दीडपटीच्या थोडं वर जातं आणि १६ चा वेग साधारण १० वर येतो. फ्लाय अ‍ॅशच्या लाइनी पुढे जाताना जाड होत गेलेल्या दिसतात त्या याचसाठी. नवख्याला वाटतं, स्टोअरमध्ये होता तो पाईप लावला.

याच हिशोबातून हवा वाढवण्याची किंमतही कळते. वेग २० चा २५ केला तर नुसत्या हवेच्या घर्षणाने होणारा दाबाचा खर्च दीडपटीच्या वर जातो. आणि खरखरीत मालाने होणारी झीज वेगाच्या अडीच-तीन घाताने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन ते दोन पट. वर्षभर टिकणारा बेंड सहा-सात महिन्यांत भोक पडून धूळ ओकायला लागतो.

पायरी ५: ब्लोअरपासून फिल्टरपर्यंत चालत जा

कारखान्यात पहिल्या दिवशी हातात वही घेऊन लाइनीच्या बाजूने चाला आणि दिसेल तसं चित्र काढा. आडवे मीटर किती, उभे किती, बेंड किती, कुठे. उभा मीटर आडव्याच्या साधारण दुप्पट जड पडतो. एकेक बेंड म्हणजे सरळ पाईपचे काही मीटर जास्तीचे. शंभर मीटरच्या लाइनीत दहा बेंड आणि त्याच अंतरात चार बेंड या दोन वेगळ्या लाइनी आहेत, अंतर एकच असलं तरी.

ब्लोअरपाशी त्याचा सक्शन फिल्टर, पट्टे आणि रिलीफ व्हॉल्व्ह बघा. रूट्स ब्लोअर हवा दाबताना तापवतो. अर्ध्या बारला हवा चाळीस ते साठ अंशांनी गरम होते. सिमेंटला त्याचं काही नाही, पण साखर किंवा मऊ प्लास्टिक असेल तर पुढे कूलर लागतोच.

मग येतो रोटरी एअरलॉक व्हॉल्व्ह, हॉपरच्या खाली बसणारा, पात्यांमधल्या कप्प्यांतून माल खाली टाकणारा. नवखे लोक याला माल मोजून टाकणारा पंखा समजतात. त्याचं अर्धं काम माल टाकणं, आणि उरलेलं अर्धं, जास्त कठीण काम म्हणजे खालची दाबलेली हवा वरच्या हॉपरमध्ये जाऊ न देणं. रोटरची पाती आणि बॉडी यांच्यातली फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांश एवढीच असते. तरी थोडी हवा त्या फटीतून आणि रिकाम्या होऊन परत वर येणाऱ्या कप्प्यांतून वर जातेच. ब्लोअर निवडताना या गळतीची हवा वेगळी मोजावी लागते, आणि ती वर जाऊन हॉपरमधला माल फुगवू नये म्हणून व्हॉल्व्हच्या बॉडीला व्हेंट, म्हणजे ती हवा बाहेर काढणारा पाईप, द्यावा लागतो. पाती झिजली की फट वाढते, गळती वाढते, आणि ब्लोअर तेवढीच हवा देत असूनही पाईपमध्ये ती कमी पोचते.

इथे माझी एक चूक सांगतो. एका बिस्किटाच्या कारखान्यात साखरेची लाइन होती, दर दोन दिवसांनी पहिल्या बेंडमध्ये चोक. मी नवीन होतो. पुली बदलून ब्लोअरचे आरपीएम वाढवले. चोक आठवडाभर थांबला, सगळे खूश. मग दोन गोष्टी एकदम आल्या: लाइनीच्या शेवटी हवा गाळणाऱ्या कापडी पिशव्यांच्या बॅग फिल्टरमध्ये साखरेची बारीक पावडर ढिगाने, आणि चोक पुन्हा पहिल्यासारखा. तिथल्या जुन्या फिटरकाकांनी मला हॉपरपाशी नेलं आणि म्हणाले, "साहेब, झाकणावर हात ठेवा." झाकणाच्या फटीतून गरम हवा येत होती. रोटरी व्हॉल्व्हची पाती झिजलेली, व्हेंटचा पाईप साखरेने बुजलेला. मी वाढवलेली हवा व्हॉल्व्हमधून वर पळत होती आणि खाली पडणाऱ्या साखरेला अडवत होती. जी थोडी पाईपमध्ये जात होती ती पुढे जाऊन साखरेचा चुरा करत होती. नवा रोटर बसवला, व्हेंट मोकळा केला, पुली जुनी परत लावली. लाइन सुरळीत चालली. तेव्हापासून कुठल्याही लाइनीवर गेलो की आधी हॉपरच्या झाकणावर हात ठेवतो.

बेंडकडे नीट लक्ष द्या. माल पडण्याच्या जागेपासून पहिल्या बेंडपर्यंत काही मीटर सरळ आडवा पाईप हवाच, म्हणजे कणांना वेग पकडायला जागा मिळते. बेंडमध्ये माल भिंतीला घासून मंदावतो आणि बाहेर पडल्यावर त्याला पुन्हा पळावं लागतं. एकाला लागून दुसरा बेंड ठेवला तर मंदावलेला माल सावरायच्या आत परत आपटतो. जागेच्या अडचणीमुळे लाइन तिरकी चढवायचा मोह होतो, तो टाळा. तिरक्या पाईपमध्ये माल तळाच्या भिंतीवरून मागे घसरतो. आडवं जा, मग सरळ उभं चढा, मग पुन्हा आडवं.

बेंडचा घेर मोठा असावा असं सगळे म्हणतात, ते बहुतेक वेळा बरोबर. पण मऊ पॉलिथिनच्या दाण्याला मोठ्या गुळगुळीत बेंडमध्ये लांबवर घासत नेलं तर त्याचा पृष्ठभाग वितळून केसासारखे लांब धागे निघतात. 'एंजल हेअर' म्हणतात त्यांना, आणि ते पुढे जाऊन चाळणीत गोळ्यांनी अडकतात. राखेसारख्या खरखरीत मालाला आतून सिरॅमिक टाइल किंवा बेसाल्टचं अस्तर लावलेले बेंड घेतात.

शेवटी बॅग फिल्टर. मालाबरोबर गेलेली हवा कुठून तरी बाहेर पडायलाच हवी. फिल्टर बुजला की पूर्ण लाइनीचा श्वास कोंडतो आणि सायलोत प्रेशर चढतं. बल्कर रिकामा होताना, विशेषतः शेवटी टाकीतली उरलेली हवा एकदम सुटते तेव्हा, फिल्टर बुजलेला असेल तर सायलोचं छत उचललं जाऊ शकतं. म्हणून वर प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो, आणि त्यावर सिमेंटचा थर बसून तो जाम झालेला नाही ना हे दर आठवड्याला वर चढून, सेफ्टी बेल्ट लावून, बघायचं असतं. फिल्टरच्या दोन बाजूंतला प्रेशरचा फरक पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. तो १५० च्या पुढे रेंगाळायला लागला की पिशव्यांची आणि त्यांना झटकणाऱ्या हवेच्या फटकाऱ्यांची तपासणी करा.

पायरी ६: गेज वाचायला शिका

ब्लोअरच्या पुढे एक गेज असतो. नसेल तर पहिल्या पगारातून घेऊन लावा असं म्हणेन, इतका तो गरजेचा आहे.

माल न टाकता, नुसती हवा सोडून, पहिलं रीडिंग घ्या आणि तारखेसकट भिंतीवर लिहून ठेवा. समजा ते ०.०८ आलं. माल पूर्ण टाकल्यावर ०.४. हे दोन आकडे म्हणजे तुमच्या लाइनीची नाडी. पुढे रिकाम्या लाइनीचं रीडिंगच ०.१२ दिसायला लागलं तर आत कुठेतरी माल बसलाय किंवा फिल्टर बुजलाय. ते ०.०५ वर आलं तर कुठेतरी गळती आहे किंवा ब्लोअरचे पट्टे घसरतायत. भरलेल्या लाइनीचा काटा एका जागी न राहता वर-खाली डोलायला लागला तर माल तळाला बसायला सुरुवात झालीय. अजून चोक झालेला नाही, तुमच्या हातात वेळ आहे. तेव्हा माल कमी करा, हवा वाढवू नका.

चालू करताना आधी फिल्टर आणि लाइनीच्या शेवटी माल बाहेर काढणारा रोटरी व्हॉल्व्ह असेल तर तो, मग ब्लोअर, मग रिकाम्या लाइनीचं रीडिंग स्थिर झाल्यावरच माल. बंद करताना उलट: आधी माल बंद, आणि काटा रिकाम्या लाइनीच्या आकड्यावर परत येईपर्यंत ब्लोअर चालू. याला दोन-तीन मिनिटं लागतात, लांब लाइनीत जास्त. शिफ्ट संपताना घाईने दोन्ही एकदम बंद केले की पाईपमधला सगळा माल जिथल्या तिथे बसतो, आणि उभ्या पाईपमधला खाली कोसळून बेंडमध्ये डाट बनतो. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या शिफ्टला तो वारसा मिळतो.

चोक झालाच, तर पहिलं काम माल थांबवणं. काटा वर जाऊन तिथेच राहिला असेल तर ब्लोअर बंद करून प्रेशर सुटू द्या आणि पुन्हा चालू करा. असं दोन-तीनदा केल्यावर पुष्कळ चोक सुटतात, कारण प्रेशर सुटताना डाट थोडा मागे हलतो आणि मोकळा होतो. नाही सुटला तर लाकडी दांड्याने पाईप ठोकत आवाज ऐका. रिकामा पाईप वाजतो, भरलेला 'ठप्प' करतो. जिथे आवाज बदलतो तिथे डाटाचं तोंड. लोखंडी हातोडा वापरू नका. त्याने पाईपला पोचा पडतो, आणि प्रत्येक पोचा म्हणजे पुढच्या चोकला आतून केलेली जागा. कपलिंग उघडण्याआधी गेज शून्यावर आहे हे बघा, आणि डाटाच्या पलीकडे अडकलेल्या प्रेशरचाही विचार करा. पुढच्या गेजवर शून्य असून मागे दाब कोंडलेला असू शकतो. कपलिंग एका बाजूने जरासं सैल करून, चेहरा बाजूला ठेवून, हवा फुसफुसत जाऊ द्या आणि मगच उघडा.

पायरी ७: जिथे हयगय चालत नाही

रोटरी व्हॉल्व्हमध्ये हात घालायचा नाही. मोटर बंद असली, सगळे 'बंद आहे' म्हणत असले, तरी नाही. मेन स्विच बंद, त्याला स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, आणि मग साखळी किंवा कपलिंग सोडूनच. अडकलेली पिशवीची दोरी काढायला गेलेली बोटं या व्हॉल्व्हने कापलेली आहेत, आणि कात्रीसारखी पाती थांबायची वाट बघत नाहीत.

दुसरा धोका धुळीचा. साखर, मैदा, स्टार्च, प्लास्टिकची पावडर हवेत मिसळून बंद जागेत साठली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी बंदिस्त केलेल्या बेल्ट कन्व्हेयरमध्ये साचलेल्या साखरेच्या धुळीचा असा स्फोट झाला. मग इमारतीत जागोजागी साठलेली धूळ उडत, पेटत गेली आणि १४ माणसं मेली. तिथला कन्व्हेयर हवेचा नव्हता, पण साखरेची धूळ तीच. पाईपमधून घासत जाणाऱ्या पावडरीमुळे स्थिर वीज तयार होते. म्हणून प्रत्येक कपलिंगवर तांब्याची जोडपट्टी, पूर्ण लाइनीला अर्थिंग, आणि होज बदलताना तिच्यातली तार दोन्ही टोकांना जोडलेली आहे का, हे बघणं बंधनकारक समजा. रबरी गॅस्केट बदलल्यावर पट्टी परत लावायला विसरणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक. तुळयांवर, केबल ट्रेवर साठलेली धूळ कॉम्प्रेस्ड हवेने उडवू नका, ओढून घ्या.

आणि एक गोष्ट खास आपल्या पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्याच्या आसपासच्या प्लांटवर, दोन दिवस सुट्टीमुळे बंद राहिलेल्या लाइनीत आतून ओल धरते. कॉम्प्रेसर असेल तर टाकीच्या तळाचं पाणी आधी काढा आणि ड्रायर चालू आहे का बघा. ब्लोअरची लाइन असेल तर त्याची गरम हवा दहा-पंधरा मिनिटं रिकामीच सोडा. शेवटच्या टोकाच्या पाईपला हाताचा मागचा भाग लावून बघा. तो कोमट लागला आणि काटा भिंतीवर लिहिलेल्या रिकाम्या रीडिंगवर आला की मग रोटरी व्हॉल्व्ह चालू करा, आणि पहिली पाच मिनिटं माल निम्माच सोडा.